साक्ष द्या (म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगा) म्हणतात, पण द्यायची कशी? (चाकणच्या कँटीनमधला एक फजितीचा प्रसंग)

नगरी_भाकर (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं). चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा तान्हेपणी, शब्बाथ शाळा, दृढीकरण, तरुण संघ, नाताळातली नाटकं, सगळं रीतसर झालंय. गेली बारा वर्षं पिंपरीत राहतो, नोकरी चाकणला. रविवार सहसा चुकत नाही. एवढं असून परवा जे झालं त्याने झोप उडालीय.

रात्रपाळी. अडीचचा चहा. माझ्या लाइनवरचा एक जण, त्याला इथे भाऊ म्हणतो, डबा उघडून समोर बसला. वारकरी घरातला आहे, माळ आहे गळ्यात. दोन घास खाल्ले, डबा बाजूला सरकवला, रुमालाने हात पुसले आणि म्हणाला, "तुमच्यात प्रार्थना करतात ना रे? उद्या बायकोचं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. करशील का?"

मी म्हणालो, "हो हो, करतो की. रविवारी चर्चमध्ये पण नाव सांगतो."

भाऊ तसाच बसून राहिला. हात पुसून. मला कळायला जरा उशीर झाला की त्याला आत्ता, तिथेच करायला हवी होती. बायबलातलं तेवीसावं स्तोत्र मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे हो! तोंडातून एक शब्द फुटला नाही. आजूबाजूला पोरं मोबाईलवर रील बघत होती. मग भोंगा झाला. भाऊ "बरं" म्हणाला आणि डब्याचं झाकण लावून उठला.

आता दुसरी बाजू. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) यंदा ठरलंय की प्रत्येक कुटुंबाने वर्षात एक तरी 'नवीन आत्मा', म्हणजे विश्वासात येणारा नवा माणूस, आणायचा. त्यासाठी एक वही केलीय, तिच्यात रकाना आहे. जोडीला शिष्यत्वाचा वर्ग, पुस्तिकेतल्या गाळलेल्या जागा भरायच्या. पहिल्या आठवड्याला चौदा जण होतो, पाचव्याला चार. वही बघितली की मला विमा एजंटाची आठवण येते, आणि कँटीनमधला मी आठवला की माझीच लाज वाटते. म्हणजे ओरडायचंही नाही आणि बोलायलाही जमत नाही.

तुम्ही हे कुठे शिकलात? की तुम्हीही माझ्यासारखेच?

---

दादर_फास्ट

तुमच्यासारखाच. ऑफिसात आठ वर्षं झाली, लोकांना वाटतं मी पारशी आहे. वाचतोय.

---

आजीची_पेटी

बाळा, आधी एक सांग, ऑपरेशन झालं का? तिला कसं आहे? धाग्यात ते कुठेच नाही.

माझी आजी मिशनच्या काळात बायबल बाई होती, म्हणजे मिशनच्या पगारावर घरोघर बायबलातल्या गोष्टी सांगणारी, संगमनेरकडच्या खेड्यांत. पत्र्याची पेटी, पांढरं लुगडं, आणि रोजची आठ-दहा मैलांची पायपीट. वाचायला ती लग्नानंतर शिकली, मार्काचं शुभवर्तमान हेच तिचं अंकलिपीचं पुस्तक. मी लहानपणी तिच्यासोबत दोन-चार गावं फिरलेय, तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि पगारही बंद झाला होता, तरी जायची.

तिची पद्धत सांगते. घरात कधी पटकन शिरायची नाही. ओट्याखाली दगडावर बसायची. घरची बाई धान्य निवडत असली की सूप आपल्याकडे ओढायची आणि खडे वेचायला लागायची. पहिल्या खेपेला येशूचं नावही नाही. कोणाला दिवस गेलेत, कोणाचा नवरा मारतो, कोणाची शेळी मेली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक गोष्ट सांगायची. एकच. येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट तिची आवडती. "आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळाली," असं म्हटलं की बाया हसायच्या. एकजण म्हणाली होती, "घागर टाकून गेली? घरी सासू नव्हती वाटतं!" त्यावर आजीही पोट धरून हसली. त्या घरी आम्हाला पुढे दर वेळी चहा मिळायचा, तोही घरच्याच कपात. त्या गावात हे साधं नव्हतं.

गोष्ट संपली की उठायची. मी विचारलं होतं, तू त्यांना विचारत का नाहीस, पटलं का म्हणून? तर म्हणाली, "पेरलेलं रोज उकरून बघतात का गं?"

तुला एक वाक्य पुरलं असतं: "आत्ता करू का?" तो हो म्हणाला असता तर "प्रभू, हिला सांभाळ, डॉक्टरांच्या हाताला यश दे, आमेन." दहा सेकंद. रील त्याहून मोठी असते.

---

खडूस_पुणेकर

मी हिंदू, नास्तिकतेकडे झुकलेला. ख्रिस्ती धर्मावर राग नाही, शाळा कॉन्व्हेंटच होती. पण दोन गोष्टी टोचल्या म्हणून लिहितो.

एक, ती वही. माणसाची नोंद 'आत्मा' म्हणून रकान्यात होते हे वाचून अंगावर काटा आला. दोन, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची आई. वस्तीत कुठलीशी बरं करण्याची सभा भरायची. तिथे कोणीतरी सांगितलं की विश्वास असेल तर गोळी कशाला. म्हातारीने साखरेची औषधं सोडली. पायाचा अंगठा गेला. तिथला माणूस नंतर दिसला नाही.

आणि धागाकर्त्यांना एक खडूस प्रश्न: बायकोचं ऑपरेशन असलेला माणूस म्हणजे तुमच्यासाठी 'संधी' आहे का?

---

नगरी_भाकर

@आजीची_पेटी मावशी, चूक झाली. ऑपरेशन झालंय, गाठ काढली, तपासणीला पाठवलीय. रिपोर्ट यायचाय.

@खडूस_पुणेकर प्रश्न बरोबर जागी लागला. खरं सांगू? त्या रात्री घशात जे अडकलं ते अर्ध भीतीने आणि अर्ध याच विचाराने. की आता मी बोललो तर ह्याला वाटेल, बघा, लगेच सुरू झाला. पण नंतर लक्षात आलं, मागितली त्याने होती. मी गप्प राहून त्याचा मान राखला नाही, स्वतःची अब्रू राखली.

म्हातारीच्या अंगठ्याबद्दल काय बोलू. औषध सोडायला सांगणारा माणूस माझ्या लेखी सुवार्तिक (सुवार्ता सांगणारा) नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय.

---

शब्बाथशाळेचा_मास्तर

उत्तम धागा. थोडं लांबण लावतो, मास्तराची खोड.

वहीपासून सुरुवात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी 'जा आणि शिष्य करा' अशी जी येशूची आज्ञा आहे तिच्यातलं मूळ ग्रीक मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं, ही सगळी त्याच्या आधाराने येतात. आपण 'जा' वर एवढा जोर देतो की शिष्य हा शब्द गाडीतच राहतो. बारा जणांना घेऊन तीन वर्षं हिंडणाऱ्या गुरूकडे रकाने नव्हते. त्यातला एक उलटला, एकाने, पेत्राने, कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून हात झटकले, आणि त्याच हात झटकणाऱ्याने पुढे पत्र लिहिलं. १ पेत्र ३:१५ काढा. तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा. पण कसं द्या? आपल्या जुन्या मराठी बायबलात शब्द आहे 'भीडस्तपणाने'. मला हा शब्द फार आवडतो. आपण भिडस्त म्हणजे बुजरा असं धरतो. इथे समोरच्याची भीड ठेवून बोलणं असा अर्थ आहे. तेव्हा नगरी_भाकर, तुमचा भिडस्तपणा वाया गेलेला नाही, फक्त उत्तर द्यायचं राहिलं. आणि वचनातलं 'विचारलं तर' हे कोणी वाचतच नाही. भाऊने विचारलं होतं.

आता आपल्याच घरातलं उदाहरण. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. दोघांच्या कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणतात. ते भाकीत मला नेहमी जरा आगाऊ वाटतं, खरं ठरलं तरी. टिळकांनी पुस्तक वाचायचं कबूल केलं म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. म्हणजे एक प्रवास, एक पुस्तक, आणि मग जवळपास दोन वर्षं एकट्याचं वाचन, पत्रव्यवहार, घालमेल.

पुढचं जास्त महत्त्वाचं. लक्ष्मीबाई सोबत आल्या नाहीत. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे. मग त्या नगरला येऊन राहिल्या, आधी सोवळं सांभाळूनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेगाने. टिळकांसारख्या वक्त्याला घरातल्या माणसासाठी पाच वर्षं थांबावं लागलं, आणि आम्ही डिसेंबरात वही मागणार!

---

वसईची_केळी

मी कॅथलिक, वसईची. आमच्यात 'साक्ष देतो' असं कोणी उठसूट म्हणत नाही. 'सुवार्ता' म्हटलं की आम्हाला आधी त्या नावाचं आमचं वसईचं मासिकच आठवतं.

माझ्या डोळ्यांसमोर फादर फ्रान्सिस दिब्रिटो येतात. हरित वसईच्या लढ्यात पाणी आणि झाडं वाचवायला रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू आहेत म्हणून विरोधही झाला. ते २०२४ मध्ये गेले. आमच्या शेजारच्या सामवेदी समाजातल्या बायका चर्चच्या पायरीवर बसून रडल्या, आणि शेजारचे हिंदूही आले होते. मला वाटतं हीच साक्ष. बोलायची गरज काय?

---

शब्बाथशाळेचा_मास्तर

@वसईची_केळी पूर्ण पटत नाही. दिब्रिटो बोललेच की! आयुष्यभर लिहिलं, आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 'सुबोध बायबल'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०१३ चा. नुसती झाडं लावली असती तर माणूस चांगला होता एवढंच कळलं असतं, कोणामुळे ते कळलं नसतं.

---

वसईची_केळी

बरं बाबा मास्तर, अर्धा गुण द्या. पण झाडं आधी, पुस्तक नंतर. क्रम माझाच बरोबर.

---

काळी_माती

मी यवतमाळकडचा. इथे बहुतेक जण जन्माने ख्रिस्ती दिसता. मी नाही. पंचविसाव्या वर्षी विश्वासात आलो, आता चाळीस. म्हणून जरा आतलं सांगतो, राग मानू नका.

वडील तीन वर्षं बोलले नाहीत. दिवाळीला घरी गेलो तर ताट यायचं, पण आई वाढायची आणि बाबा उठून अंगणात जायचे. त्या काळात मला वर्गाने, पुस्तिकेने धरून ठेवलं नाही. मंडळीत एक म्हातारं जोडपं होतं, रिटायर्ड. दर बुधवारी जेवायला बोलवायचे. पिठलं-भाकर. जेवण झालं की काका शुभवर्तमानातला एक तुकडा वाचायचे आणि विचारायचे, "ह्यातलं काय अवघड वाटतं?" काय समजलं, असं कधी विचारलं नाही. अवघड काय वाटतं. मी सांगायचो, शत्रूवर प्रीती. ते म्हणायचे, मलाही. मग भावकीतल्या बांधाच्या भांडणाची गोष्ट सांगायचे, चौदा वर्षं चाललेली, आणि अजून मिटली नाही हेही सांगायचे. असं सहा वर्षं चाललं. शिष्य म्हणजे काय ते मला त्या ताटावर कळलं. बाबांबद्दल काका एकच म्हणायचे, वाद घालू नको, पेरणीला जा. मी दर जूनला सुट्टी काढून गेलो. चौथ्या वर्षी बाबांनी तिफण हातात दिली आणि म्हणाले, सरळ धर.

आता कडू भाग. माझं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा मंडळीतल्याच एका वडिलांनी (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठाने) हळूच विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?" मी म्हणालो, बाप्तिस्मा झालाय. ते म्हणाले, ते ठीक, पण मूळचे? त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण फसलो. बाहेरच्यांना सुवार्ता सांगायच्या आधी हा प्रश्न आपल्या वेशीबाहेर टाकायला नको का? तुमच्या पुस्तिकेत ह्याची गाळलेली जागा आहे का?

---

आजीची_पेटी

@काळी_माती नाही बाळा, नाही ती जागा. आमच्याकडेही विचारतात. माझ्या धाकटीच्या वेळी मीच विचारलं होतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

---

खडूस_पुणेकर

काळी_माती, प्रामाणिक प्रतिसाद. तिफणीवर थांबलो.

एक शंका, कायद्याची. धर्मप्रसाराचा हक्क घटनेत आहे ना? मग भांडण कशावरून होतं?

---

शब्बाथशाळेचा_मास्तर

कलम २५. धर्म पाळायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न आणता. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेकांना हा निकाल जाचतो. मला विचाराल तर निदान माझं काम त्याने सोपं केलं. मन बदलणं माझ्या हातात कधी नव्हतंच.

आणि काळी_मातीच्या मुद्द्याला जोडून: १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. शिखांचा समावेश १९५६ ला झाला, बौद्धांचा १९९० ला, ख्रिस्त्यांचा नाही. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं. म्हणजे जात कागदावरून जाते, मंडळीतल्या वडिलांच्या डोक्यातून जात नाही. टिळकांनी शेवटी मिशनचं काम सोडून १९१७ ला साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही घेऊन. दोन वर्षांत ते गेले आणि ते तिथेच थांबलं.

---

दादर_फास्ट

अवांतर: आज ऑफिसात कोणीतरी विचारलं, नवरोजला सुट्टी घेणार का. म्हणालो, मी ख्रिस्ती आहे. तर म्हणाला, "अरे मग केक कुठाय इतक्या वर्षांचा?" आठ नाताळ थकलेत म्हणे.

---

आजीची_पेटी

दादर, केक घेऊन जा गं बाई. (की गं बाबा?)

खडूसरावांच्या 'संधी'वर एक राहिलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं तेव्हा धर्म शिकवणार नाही असं कबूल केलं होतं. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं ठेवायच्या. मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून गहजब झाला आणि १८९३ ला रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंचं म्हणणं असं की मी बोलावत नाही, पण माझं दारही लावणार नाही. पालकांचा राग मला कळतो, मीही आई आहे. पण लहानपणी केडगावला बाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेले होते तेव्हापासून हे उघडं दार माझ्या डोक्यात आहे. नगरी_भाकर, तू कँटीनमध्ये दार लावून घेतलंस.

---

नगरी_भाकर

पाच आठवड्यांनी परत आलोय. थोडक्यात.

भाऊच्या बायकोचा रिपोर्ट चांगला नाही आला. किमो सुरू झालीय, दर एकवीस दिवसांनी. दुसऱ्या खेपेला मी गाडी घेऊन गेलो होतो. ती आत, आम्ही दोघं पार्किंगमध्ये. सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "आत्ता करू का?" तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, प्रार्थना. तो म्हणाला, कर की. माझ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे होतो दोघं. पाठ केलेलं सगळं विसरलो. चार वाक्यं झाली, त्यातलं एक दोनदा. आमेन म्हटल्यावर भाऊने डोळे उघडले आणि म्हणाला, "एवढंच?" मला हसू आलं, त्यालाही. मग त्याने हळू आवाजात हरिपाठातले दोन अभंग म्हटले आणि मी ऐकले. त्यानंतर त्याने मला येशूबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. मीही काढलेलं नाही. विचारलं तर आता गप्प बसणार नाही, एवढं आहे.

वर्ग बंद पडला. उरलेल्या चौघांपैकी तिघं आम्ही गुरुवारी माझ्या घरी बसतो. मार्क, आठवड्याला एक अध्याय, सोळा आठवडे. बायको खिचडी करते. काळी_माती, तुमच्या काकांचा प्रश्न चोरलाय. पहिल्याच गुरुवारी एकाने 'मूळचे कोण'वाली गोष्ट स्वतःच्या घरातली सांगितली. अर्धा तास कोणी बोललं नाही. पुढच्या गुरुवारी तिघंही परत आले, ह्याचं मला आश्चर्य वाटतंय.

वहीत माझ्या नावापुढचा रकाना रिकामा आहे. पाळकसाहेबांना (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना) सगळं सांगितलं. ते बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि म्हणाले, गुरुवारी मी आलो तर चालेल का.

---

खडूस_पुणेकर

किमोत रक्त लागलं तर इथे व्यनि (खाजगी निरोप) करा. ओ पॉझिटिव्ह आहे, आणि पिंपरीला यायला तासभर पुरतो.

---

आजीची_पेटी

ते सगळं छान झालं रे बाळा. पण भाऊच्या घरी सध्या स्वयंपाक कोण करतंय?

---

नगरी_भाकर

मावशी... विचारतो. आत्ताच फोन लावतो.